नवमीचं ताट

भवानी पेठेतल्या होनमुर्गीकर मास्तरांचा धाकटा मुलगा वेणीमाधव पुण्याला समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होता. पदवी मिळाली आणि नोकरी मिळत नाही, अशा मधल्या काळाला आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षण म्हणतात. दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागे. वेणीमाधवच्या प्रबंधाचं नाव होतं 'बहिष्कृत समूहांमध्ये सामूहिक कलामाध्यमाचे उपयोजन'. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"म्हणजे नक्की काय करणार?"

"होटगी रस्त्याच्या महारोगी वसाहतीत जाऊन तिथल्या लोकांकडून भिंत रंगवून घेणार."

"मग तसं लिहायला काय झालं?"

"तसं लिहिलं तर पास करत नाहीत, आण्णा."

हे त्र्याहत्तर सालचं. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने माणसं इतकी पिचली होती की, गणपती हसतमुखाने गेले याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. गणपती गेले आणि पितृपंधरवडा लागला. शुभकार्याला हे दिवस वर्ज्य. प्रबंध हे शुभकार्य आहे असं कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे वेणीमाधव सायकलवर चुन्याची पिशवी, गेरू, नीळ आणि डझनभर कुंचले बांधून वसाहतीत हजर झाला.

वसाहतीत सतरा माणसं होती. जेवणघराची उत्तरेकडची भिंत चाळीस हात लांब. वेणीमाधवने चुन्याच्या रेघा मारून तिचे सतरा चौकोन पाडले आणि सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या चौकोनात आपलं घर काढायचं. नऊ जणांच्या हातांना धड बोटं नव्हती. त्यांच्या मनगटाला कुंचला चिंधीने बांधायचा, ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती चनबसप्पाची. चनबसप्पा अक्कलकोटकडचा, वसाहतीतला सर्वांत जुना. त्याचा रोग कधीच थांबला होता; पण परत जायला घर उरलं नव्हतं, म्हणून तो इथला स्वयंपाक बघायचा.

पहिला चौकोन रामहरीचा. कुंचला बांधून झाल्यावर रामहरी म्हणाला, "आज न्हाय जमायचं, सायेब. माझी पंचमी हाय. परवा बघतो आन् मग काडतो."

"काय बघता?"

"घर की. न बघता कसं काडू? गेल्या सालचं आता जुनं झालं."

रामहरी अकरा वर्षांत वसाहतीच्या फाटकाबाहेर गेलेला नव्हता. वेणीमाधवने चनबसप्पाकडे पाहिलं. चनबसप्पा पीठ मळत होता.

"हौद्री, खरंच आहे ते," तो म्हणाला. "यातला एकेक माणूस इथं आला की घरची मंडळी गवताचा पुतळा करून जाळतात. दहावं, तेरावं, सगळं रीतसर. नाहीतर त्या घरात पोरगी कोण देणार? तुमच्या वहीत सतरा पेशंट. गावाकडं जाऊन विचारा, सोळा मयत."

"आणि सतरावा?"

"तो मी. आमच्या लोकांत पुरतात. पक्ष घालायची पद्धत नाही. मग मला काय पोचणार? मी आपली इथलीच भाकरी खातो."

पंचमीला काय होतं ते बघायला वेणीमाधव मुद्दाम सकाळपासून थांबला. रामहरीने अंघोळ केली, धुतलेली बंडी घातली आणि वसाहतीची भाकरी परत करून बाजेवर मांडी घालून बसला. ऊन डोक्यावर आलं तसे त्याचे डोळे मिटले. मग त्याचा कंठमणी खालीवर व्हायला लागला. तोंड बंद, हात मांडीवर, समोर काही नाही. आणि माणूस गिळत होता. मधेच थांबायचा, जिभेने दात साफ करायचा, पुन्हा गिळायचा. पाव तासाने त्याने एक दणदणीत ढेकर दिला आणि डोळे उघडले.

"सुनंनं कढी पातळ केलीया," तो म्हणाला. "आन् गोठ्यावर पत्रा घातलाय. बांधा कुंचला."

वेणीमाधवने वहीत लिहिलं, 'सूचनक्षम मन. भूक व स्मृती यांचा परस्परसंबंध तपासणे.' भीती वाटली की लिहायचं, असा त्याचा स्वभाव होता. त्या पंधरवड्यात त्याला दुसरी वही आणावी लागली.

षष्ठी, सप्तमी, अष्टमी. ज्याची जी तिथी, त्या दिवशी तो जेवायचा आणि मग भिंतीशी यायचा. चौकोन भरत गेले, तसं वेणीमाधवला भिंतीकडे पाठ करून उभं राहवेना. प्रत्येकाने घर वरून काढलं होतं. दार नाही, भिंत नाही. नुसतं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, त्यावर वाळत घातलेल्या शेंगा, अंगणाचा चौकोन. मधोमध एक भलीमोठी पत्रावळ, तिच्यावर काय काय वाढलंय ते नीट, वेगवेगळ्या रंगांत. आणि अंगणात लहान लहान माणसं. सगळी मान मागे टाकून वर बघतायत. सगळ्यांची तोंडं उघडी. भिंतीपुढे उभं राहिलं की ती तीस-चाळीस तोंडं आपल्यालाच हाका मारतायत असं वाटायचं.

फक्त चनबसप्पाचं घर समोरून होतं. दार, दाराला तोरण, शेजारी म्हैस. तीस वर्षांपूर्वी सोडलं होतं, तसंच.

वेणीमाधवने सगळ्याची टिपणं काढून पुण्याला मार्गदर्शकांना पाठवली. उलट टपाली पत्र आलं. 'निरक्षर समूहात यथार्थदर्शनाची जाण नसते. वस्तू सपाट, वरून दिसल्यासारखी रेखाटली जाते. चनबसप्पा यांची दृष्टी तेवढी विकसित वाटते. इतरांना माणसे समोरून काढण्यास प्रवृत्त करावे.'

वेणीमाधवने प्रवृत्त केलं.

"समोरनं?" रामहरी म्हणाला. "समोरनं आमाला कोन दिसलंय हो?"

नवमीचा चौकोन सारजाबाईचा. अविधवा नवमी. नवरा मागे ठेवून जी बाई सवाष्णपणी जाते, तिचं ताट या दिवशी मांडतात. सारजाबाई मंद्रूपची. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याने, कोंडीबाने, तिला बैलगाडीतून इथे आणून सोडलं आणि घरी जाऊन डोकं भादरलं. त्यानंतर सोळा वर्षं तिचं एक व्रत होतं. रोज सकाळी ती मनगटाचं टोक कुंकवाच्या डबीत बुडवायची आणि कपाळावर टेकवायची. कुंकू मोठं यायचं आणि जरासं डावीकडे यायचं. मेलेल्या बाईला हे कशाला, असं एकदा कोणीतरी म्हणालं होतं. त्यावर ती म्हणाली, "मी मेलीया. मालक कुटं मेलाय?"

नवमीला ती न्हाऊन, कुंकू लावून बाजेवर बसली. बारा वाजले. एक वाजला. तिचा गळा हलला नाही. तीनला तिने डोळे उघडून उन्हाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. दिवेलागणीला ती स्वतःहून उठली.

"न्हाय आलं," ती म्हणाली.

चनबसप्पाने भाकरी पुढे केली. तिने ती बाजूला सारली. दशमीला सारली, एकादशीला सारली. एकादशीच्या दुपारी ती वेणीमाधवसमोर येऊन बसली. तीन दिवसांत तिची गालफडं बसली होती आणि त्यामुळे कुंकू फारच मोठं दिसत होतं.

"लेकरा, तू लई शिकलेला हायस. तुला इचारते. नवमीचं ताट थांबायला दोनच कारणं. एक, मालक गेला. मालक गेला की त्या बाईची नवमी सरली. दुसरं, घरची इसरली. मालक गेला आसंल तर हे पुसलं पायजे. ऱ्हायला आसंल आन् मी पुसलं, तर जित्या माणसावर पानी सोडल्यागत हुतंय. पुसू का ठिवू?"

"मावशी, आधी चार घास खाऊन घ्या."

"कोनाच्या नावानं खाऊ? सवाष्ण म्हणून का रांडाव म्हणून? आदी सांग."

"पत्र टाकू?"

"मेलेल्या बाईचं पत्र? नातीचं लगीन जुळायचं आसंल आता. तू जा, बघ आन् ये. माजं नाव काडू नगंस."

वेणीमाधव निघाला. समाजशास्त्रात याला क्षेत्रकार्य म्हणतात. निघताना त्याने घराचा पत्ता विचारला. सारजाबाई डोळे मिटून सांगू लागली, "देवळाच्या कळसावरनं उगवतीला वळायचं. दोन माळवदं सोडायची. मग चिंचंचा शेंडा. त्याच्या डाव्या अंगाला हिरीचं तोंड दिसंल. तितनं तिसरं, आमचं."

"मावशी, मी चालत जाणार आहे."

तिने डोळे उघडले. बराच वेळ आठवून पाहिलं. "चालत कसं जायचं त्ये इसरले बग," ती म्हणाली.

मंद्रूपला एसटीतून उतरला तर आठवडी बाजार भरलेला. खालून सगळी घरं सारखीच. कोंडीबाचं घर कुठलं असं विचारावं, तर पाहुणा कोण, कुठला, कशासाठी, हे बाजारभर व्हायला पाच मिनिटं लागली नसती. शेवटी तो एका ओळखीच्या मास्तरांचं नाव सांगून शाळेच्या गच्चीवर चढला.

वर जाऊन त्याने खाली पाहिलं आणि कठडा धरला. पुढ्यात वसाहतीची भिंत पसरलेली होती. तीच माळवदं, त्याच शेंगा. देवळाचा कळस, त्याच्या उगवतीला दोन माळवदं, चिंचेचा शेंडा, विहिरीचं काळं तोंड. तिथून तिसऱ्या घराच्या अंगणात एक बाई धुणं वाळत घालत होती. वेणीमाधव तिच्याकडे बघत असताना तिने हातातलं धुणं थांबवलं, पदर सावरला आणि मान वर केली.

तो गच्चीवरून उतरला तो घाईने उतरला.

त्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा सुपारी कातरत बसला होता. मुंडासं, पांढऱ्या मिशा, हात स्थिर.

"कोंडीबा आपणच का?"

"व्हय. का?"

वेणीमाधवला इतका आनंद झाला की म्हाताऱ्याच्या पायाच पडायचा तो राहिला. म्हणजे पुसायचं नाही. काम झालं होतं, तेव्हाच उठला असता तर एसटीही मिळाली असती. पण कारण सांगितल्याशिवाय उठता येत नाही. "मी माळवदांचा सर्व्हे करतोय," तो म्हणाला. "पदव्युत्तर."

"सरकारी?"

"नाही, शिक्षणासाठी."

"बरं बरं. वच्छला, च्या टाक. माळवदवाले आल्यात."

धुणं वाळत घालणारी तीच वच्छला, म्हणजे कोंडीबाची सून. चहा घेऊन आली तेव्हा तिने वेणीमाधवकडे नीट निरखून पाहिलं. सर्व्हेचं म्हणून त्याने घरात किती माणसं, असं विचारलं.

"मामंजी, ह्ये, मी, दोन पोरं आन् थोरली पोरगी. आत्याबाई वैशाखात गेल्या. बजाबाई. पोरीचं लगीन धरायचंय म्हून तेराव्यालाच वर्स उरकलं."

"म्हणजे कोंडीबांची बायको?"

"दुसरी की. पयली सोळा वर्सांमागं गेली." कशाने, ते सांगायला तिने जरा वेळ घेतला. "तापानं."

आत देव्हाऱ्याच्या कडेला, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक खिळ्याला लटकत होता. वच्छलाने सांगितलं, तो सवतीचा टाक. पहिलीचा जीव दुसरीवर राहू नये म्हणून दुसरीने गळ्यात घालायचा. बजाबाईने सोळा वर्षं घातला. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायची, पहिला घास टाकाला दाखवायची. नवमीचं ताट तर स्वतः माळवदावर नेऊन ठेवायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. ठेवायची, आणि वर न बघता खाली यायची.

"वर का नाही बघायच्या?"

"सवतीच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, म्हनायच्या."

"वच्छे, शेरडाला पानी दाव," कोंडीबा म्हणाला. ती गेली. म्हाताऱ्याने अडकित्ता खाली ठेवला.

"पोट भरतंय का तिचं?" त्याने विचारलं.

वेणीमाधवने कप खाली ठेवला. नाव काढायचं नाही, असं त्याने कबूल केलं होतं. त्याने काढलंही नाही. "तीन दिवस उपाशी आहेत," एवढंच म्हणाला.

"मला वाटलंच." कोंडीबा माळवदाकडे बघत बोलत होता. "सोळा वर्सं नवमीला मी हितंच बसतो. ती आली की आदी खिरीत चोच घालती. माहेरपास्नं गोडाची. औंदा ताट वच्छीनं ठिवलं. कावळा लगीच आला. म्या म्हनलं, बरं झालं. तर ह्यो गडी सरळ वड्यावर. खिरीकडं बघंना. तवाच वळखलं, ही सारजा न्हवं. ही बजी. बजी वड्याची."

"मग सारजा... मग पहिल्या कुठे होत्या?"

"आसंल चिंचंवर बसून. एकच ताट. बजी खरी मेलेली, तिचा हक पुढचा. ही अर्धी. ही कशाला म्होरं यील भांडाय?"

वच्छला परत आली होती आणि तिने शेवटचं ऐकलं होतं. "मामंजी, एका घरातनं दोन ताटं मांडली तर लोक इचारतील, दुसरं कुनाचं."

"मंग?"

"मंग पोरीचं लगीन मोडंल."

म्हाताऱ्याने अडकित्ता पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "अवसेला समद्यांचीच मांडत्यात. सर्वपित्रीला कोन मोजतंय? पत्रावळ एक, वाढप दोघींचं. खीर एका कडंला, वडा एका कडंला. त्यांचं त्या बघून घेत्याल."

वेणीमाधव परतला तेव्हा सारजाबाई फाटकाशीच बसलेली होती. दोन्ही मनगटं तिने मांडीवर उलटी ठेवली होती, कुणीतरी आता काहीतरी त्यात टाकणार असल्यासारखी.

"ठेवा," वेणीमाधव म्हणाला. "सुपारी कातरत बसलेत. हात कापतसुद्धा नाही."

तिने मनगट कपाळाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं. मग चनबसप्पाकडून भाकरी मागून घेतली आणि जिवंत माणसासारखी चावून चावून खाल्ली. पोटात आधार आल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला. "मंग ताट?"

सवतीचं सांगणं वेणीमाधवच्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्याने अडखळत सांगितलं. टाक, पहिला घास, खाली घातलेली मान, नवमीचा वडा आणि अमावास्येला दोघींत मिळून एक पत्रावळ. सारजाबाई ऐकत होती. तिला राग येईल, रडू येईल, यांपैकी जे येईल ते टिपायला त्याने वही काढून ठेवली होती.

"ती बाई व्हय?" सारजाबाई म्हणाली. "मी तिला जाऊ समजत हुते. टाळू तेवडी दिसायची. सोळा वर्सं टाळूच बघितली बग." आणि थोड्या वेळाने, "काय गं बाई, सवत आसून एकदा खीर करपली न्हाय तिची."

अमावास्येला वेणीमाधव सकाळीच आला. सर्वपित्री म्हणजे सगळ्यांचंच. सोळा माणसं न्हाऊन आपापल्या बाजेवर बसली होती. जेवणघरात चनबसप्पाने एकट्यापुरता तवा ठेवला होता. ऊन डोक्यावर आलं. होटगीकडून एक मालगाडी आली आणि गेली. मग वसाहतीत काही आवाज उरला नाही आणि त्यात तो आवाज ऐकू यायला लागला. सोळा गळ्यांचा. गिळण्याचा. वसाहतीच्या आवारात एरवी कावळे असायचे. आज झाडावर एकही नव्हता.

सारजाबाई पडवीत होती. वेणीमाधव तिच्यापासून चार हातांवर पायरीवर बसला. तिचे डोळे मिटलेले होते, पण गळा हलत नव्हता. ती थांबली होती. वेणीमाधवने घड्याळ पाहिलं. मग बाजेच्या दोऱ्या करकरल्या.

सारजाबाई बाजेच्या उशाकडे बसली होती. खाली गेलं ते पायथ्याकडचं विणकाम. हळूहळू, कुणीतरी संकोचाने काठावर टेकावं तसं, वीतभर खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

"मागं सरून बस की," सारजाबाई डोळे न उघडता म्हणाली. "काठावर काय बसलीस पावनीवानी."

दोऱ्या पुन्हा करकरल्या.

"खीर माझी. वडं तू घे. समदं घे. मला न्हाय आवडत." मग तिचा गळा हलायला लागला. मधेच ती थांबायची, मान जराशी बाजूला झुकवायची, ऐकायची. एकदा हसली. एकदा म्हणाली, "त्येंचं तसंच हाय, माज्या येळंलाबी तसंच." वेणीमाधवने वहीवर पेन्सिल टेकवली होती. त्या पानावर नंतर नुसता एक ठिपका निघाला. कागदाच्या आरपार गेलेला.

जेवणं झाली. एकेक जण डोळे उघडून ढेकर देत पाण्याच्या रांजणाकडे निघाला. सारजाबाईने डोळे उघडले आणि मनगट पुढे केलं. वेणीमाधवने कुंचला बांधला. त्याच्या हाताला गाठ बसत नव्हती. ती चनबसप्पाने येऊन मारली.

"बाज भिंतीपातूर आन," ती म्हणाली. "हलक्या हातानं."

बाज दोघांनी उचलली. रिकाम्या बाजेला लागतं त्याहून बरंच जास्त बळ लागलं. ती खाली ठेवताना चनबसप्पाने "सावकाश री" म्हटलं, ते वेणीमाधवला उद्देशून नव्हतं.

सारजाबाई आपल्या रिकाम्या चौकोनापुढे उभी राहिली. माळवद नाही, पत्रावळ नाही. तिने एक मोठा गोल काढला. मग बाजेकडे वळून बराच वेळ बघत राहिली. भिंतीकडे वळून नाक काढलं. पुन्हा वळली. "वर बघ की गं. आता का मान घालतीस? मी काय खाती का तुला?" डोळे काढायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. रुंद कपाळाची, बसक्या नाकाची, एक भुवई तुटकी असलेली एक बाई भिंतीतून समोर बघायला लागली. वरून काढलेल्या पंधरा घरांत आणि चनबसप्पाच्या म्हशीशेजारी, सरळ समोर.

ही यथार्थदर्शनाची प्रगती होती. मार्गदर्शकांना ती फार आवडली असती.

शेवटी सारजाबाईने कुंचला सोडवून टाकायला सांगितला, मनगटाचं टोक गेरूत बुडवलं आणि भिंतीतल्या कपाळाजवळ नेलं. बाजेच्या दोऱ्या करकरल्या.

"हलू नगंस," ती मागे न बघता म्हणाली. "डावीकडं जातंय."